रडेल असं एक माणूस

मालनच्या गाडीच्या डिकीत दोन साड्या बारा महिने पडून असत. एक जरीकाठाची, एक पांढरी. लग्नाला जरीची, मयताला पांढरी. आमदार होऊन तिला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत एक गोष्ट तिला पुरती कळली होती. विधानसभेत आपण काय बोललो ते मतदारसंघातली दहा माणसं वाचतात, पण कुणाच्या बाराव्याला गेलो नाही हे अख्ख्या वाडीच्या लक्षात राहतं. म्हणून एका दिवसात तीन लग्नं आणि दोन मयतं आली तरी ती सगळीकडे पोचायची. मधे कुणा ओळखीच्या घरी हातपाय धुऊन साडी बदलायची, आणि ड्रायव्हर लवू आरशात बघून आठवण करायचा, "ताई, तेवढा गजरा काढा. आता मयताला चाललोय."

आणि तिच्या आधी तिचा बॅनर पोचायचा. ही करामत नितेशची, तिच्या स्वीय सहायकाची. माणूस गेल्याचा फोन आला की दोन तासांत नाक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लागलीच पाहिजे, असा त्याचा नेम. मोबाईलमध्ये साचा तयारच असे. वर गेलेल्या माणसाचा फोटो, खाली हात जोडलेली मालन. मालनचा फोटो जरा मोठाच. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत छापून घ्यायचा की झालं. "लोकांना वाटतं ताईंना सगळ्यात आधी कळलं," नितेश म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. कळायचं खरंच आधी. वाटायचं मात्र हल्ली काही नाही. कुणाच्याही पडवीत सतरंजीवर बसायचं, घरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, "काय झालं एकाएकी?" असं विचारायचं, दहा मिनिटांनी उठायचं. डोळे कोरडे ते कोरडेच.

त्या दिवशी ती दापोलीला होती. कृषी विद्यापीठात आंबा बागायतदारांचा मेळावा, स्टेजवर सतरा खुर्च्या, गळ्यात शाल. भाषण उरकून ती खाली उतरली आणि नितेशचा फोन आला.

"ताई, मिरकरवाड्यात एक मयत झालंय. कमळाबाई. सकाळी गेल्या."

"कोण कमळाबाई?" असं तिनं विचारलं खरं. मिरकरवाड्यात तिच्यासाठी कमळा एकच होती.

"त्या हो, बाजाराच्या गेटाबाहेर मासे घेऊन बसतात त्या. सुनेचाच फोन होता, त्यामुळे खात्री करायचा प्रश्न नाही. रडवेली झाली होती बिचारी, घाईत ठेवला तिनं. मी बॅनर टाकलाय छापायला. फोटो आपल्या जुन्या मिरवणुकीतला मिळाला. तुम्हाला दुपारी तिथंच बैठक आहे, तेव्हा हार घेऊन मी जाऊन येतो."

"मी येतेय."

"पण ताई, बैठकीला संचालक…"

"मी येतेय म्हटलं ना, नितेश. आणि आता फोन करू नकोस मला." तिनं फोन बंदच करून टाकला. गाडीत बसताना लवूला म्हणाली, "तुझाही बंद कर. हायवेला काम चाललंय, खाडीनं चल."

 पांढरी साडी काढू का, हे लवूनं विचारलंसुद्धा नाही.

कमळा आणि ती एका वयाच्या, एका गल्लीतल्या. मालनची आई बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची, आणि आईचा घसा बसला की मालन पुकारायची. कमळा डोक्यावर पाटी घेऊन गावात विकायला जायची. नगरपरिषदेचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा चार पुरुष आपापल्या बायकांची नावं घेऊन पुढे झाले. कमळा थेट मालनच्या दारात. "माले, तुझ्या आवाजाला ह्यो बंदर पुरत नाय. नवऱ्यानं सांगितली तिथं सही करणारी आमाला नको. भांडणारी पायजे." अर्ज तिनंच आणला होता. प्रचारही तिनंच केला. पाटी घेऊन दारोदार जायची, बांगडा मोजता मोजता मत मागायची. मत नाही म्हणणाऱ्या घरी दुसऱ्या दिवसापासून मासेच द्यायची नाही.

वॉर्डातून नगरपरिषद झाली, मग आमदारकीचं तिकीट आलं. निकालाच्या मिरवणुकीत दोघी एकाच टेम्पोत उभ्या होत्या, गुलालानं लालभडक. पहिल्या अधिवेशनाला कमळा वाडीतल्या सहा बायकांना घेऊन एसटीनं मुंबईला आली, प्रेक्षक गॅलरीत बसली. बंदरातल्या गाळावर मालनचा पहिला प्रश्न होता. ती उभी राहिली आणि घशातून आवाजच फुटेना. लिलावाच्या गर्दीवर चढणारा तो आवाज, पार गिळून बसल्यासारखा. तेव्हा वरून कुणीतरी ठसक्यात म्हणालं, "पुकार गो, माले!" सगळं सभागृह हसलं, मार्शलनं कमळेला दंडाला धरून बाहेर नेलं आणि मालन जी बोलायला लागली ती अध्यक्षांनी बेल वाजवली तरी थांबेना.

हे सगळं ज्या बाईनं केलं तिचं नाव मालननं एका यादीतून स्वतःच्या हातानं कापलं होतं.

पाच वर्षं झाली त्याला. नवा मासळी बाजार बांधून झाला. वर छप्पर, खाली नळ, फरशीचे बेचाळीस ओटे. वाटपाच्या समितीवर मालन अध्यक्ष. विरोधकांनी आधीच गावभर उठवलं होतं की आमदारबाई ओटे मैत्रिणींना वाटणार. यादीत सातवं नाव कमळेचं होतं, आणि तो तिचा हक्कच होता, तीस वर्षं मासळी विकत होती ती. पण रात्रभर मालनला एकच दिसत राहिलं, उद्याच्या पेपरातलं मथळ्याचं अक्षर. सकाळी तिनं पेन उचललं. 'पुढच्या यादीत घेऊ' असं मनाशी म्हणत तिनं सातव्या नावावर रेघ मारली. पुढची यादी कधी निघालीच नाही.

कमळा भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती आली, दारातच उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "माझा नाव घ्यायची तुला लाज वाटली, माले." आणि गेली. तेव्हापासून ती गेटाबाहेर गटाराच्या कडेला बसायची, छत्री लावून. मालनची गाडी आली की छत्री तेवढी कलती करायची. मालनच्या मनात शंभरदा आलं, उतरावं, सांगावं. प्रत्येक वेळी गाडीत कुणीतरी असायचं, मागे दुसरी गाडी असायची, पुढे कार्यक्रम असायचा. आज सांगू, उद्या सांगू. आणि आता सांगायचं कुणाला?

दाभोळच्या फेरीबोटीवर गाडी चढली. आत गुदमरल्यासारखं झालं म्हणून ती उतरून कठड्याशी उभी राहिली. लगेच कॉलेजातल्या दोन मुली आल्या. "ताई, एक सेल्फी?" मालनचा चेहरा आपोआप हसला. मुली थँक्यू म्हणून गेल्या आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. कमळा मेलीय, आणि हे तोंड हसू शकतं अजून.

गुहागर मागे पडलं. तवसाळला दुसरी फेरीबोट. या वेळी ती उतरली नाही. मागच्या सीटवर बसून राहिली, पलीकडे जयगडचा किनारा दिसत होता. बोट हलली आणि कसं कोण जाणे, तिच्या कानात ते 'पुकार गो' आलं. मग तिला काही आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी हुंदका बाहेर पडत राहिला. आई गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. आई गेली तेव्हा आचारसंहिता लागली होती.

लवू गाडीतून उतरला. खिडकीच्या काचेला पाठ लावून, हात मागे बांधून उभा राहिला. कुणी जवळ आलं की, "ताई जरा फोनवर आहेत," म्हणायचा. जयगडच्या धक्क्याला बोट लागेपर्यंत तो तसाच उभा होता.

रत्नागिरीत शिरताना नाक्यावर बॅनर दिसला. मालननं गाडी थांबवायला सांगितली. 'कै. कमळाबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटो निकालाच्या मिरवणुकीतला होता. कपाळभर गुलाल, दात सगळे बाहेर, कमळा हसत होती. शेजारची मालन नितेशनं कापून टाकली होती, पण तिचा हात पूर्ण कापला गेला नव्हता. कमळेच्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली होती.

"चल," ती लवूला म्हणाली. 

मिरकरवाड्याच्या गल्लीत गाडी जात नाही. ती पायीच निघाली. दापोलीच्या मेळाव्याचीच साडी अंगावर होती. गल्लीत नेहमीसारखंच चाललेलं. कुणी जाळं शिवत होतं, बर्फाची गाडी खडखडत गेली. तिला बघून दोघी-तिघी तोंडाला पदर लावून घरात पळाल्या. एक तर चक्क हसत होती. मालनला काही कळेना. मयताच्या घरासमोर माणसं नव्हती, लाकडं नव्हती, मडकं नव्हतं.

पडवीत पाट टाकून, विळी समोर घेऊन कमळा मांदेली साफ करत बसली होती.

 मालन पायरीवर टेकली.

"मेलीस ना गो तू?" तिच्या तोंडून निघालं.

"तुझ्या बॅनरवर मेलेय," कमळा मान वर न करता म्हणाली. "हितं नाय. सकाळपासून नऊ माणसं येऊन गेली. चार हार आले. शेळीनं खाल्ले."

"कमळे!"

"ओरडतेस कशाला? मेलेलं माणूस बहिरं नसतं." मग तिनं मान वर केली, मालनकडे निरखून पाहिलं, आणि विळी बाजूला सरकवली. तिचा आवाज एकदम उतरला. "आधी एक सांग. खरं सांग हां, आमदारासारखं नको. रडलीस काय?"

 मागून लवू आला होता, तोच म्हणाला, "तवसाळपासून जयगडपर्यंत, कमळाबाई. अख्खी खाडी."

"बरं झालं गो बाय!" कमळेनं दोन्ही हात कपाळाला लावले आणि भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. "सुटले. हेतल! अगो हेतल, रडली हो ती! टळला माझा मरण."

आतून तिची सून आली, कडेवर सहा महिन्यांची पोर, चेहरा भीतीनं एवढासा झालेला. तिनंच मग सगळं सांगितलं. काल संध्याकाळी बाजार उठताना सासूबाईंच्या डोक्यावर कावळा बसला. नुसता बसला नाही, केसांत पाय रोवून चांगली टोच मारून गेला. आता हे वाईट. डोक्यावर कावळा बसला की त्या माणसाचं काही खरं नाही, अशी जुन्या बायकांची समजूत. त्यावर तोडगा एकच. आपण मेल्याची खोटी बातमी जवळच्या माणसाला धाडायची. ते माणूस मनापासून रडलं, डोळ्यांतनं खरं पाणी आलं, की मरण तिथंच फिटतं. मग लगेच कळवायचं, जिवंत आहे म्हणून.

"मी म्हटलं, तुमच्या लेकाला कळवू," हेतल म्हणाली. "तर हे गेलेत बोटीवर. दर्यात असलेल्या माणसाला असलं कसं कळवायचं? आईंच्या बहीण हर्णैला होत्या, त्या गेल्या वर्षी वारल्या. मग विचारलं, आई, दुसरं कोण रडेल तुमच्यासाठी? तर म्हणाल्या…" ती थांबली, सासूकडे पाहू लागली.

"सांग की. मेल्यावर कसली लाज?"

"म्हणाल्या, मालन. मी म्हटलं, अहो त्या बोलतसुद्धा नाहीत तुमच्याशी. तर म्हणाल्या, बोलत नाय. रडेल."

 हेतलच्या कडेवरची पोर मालनच्या शालीच्या गोंड्याकडे हात करत होती.

"त्यांच्याकडे तुमचा जुना नंबर होता," हेतल पुढे म्हणाली. "तो कुणा नितेशनी उचलला. तुम्हालाच सांगायचं ठरलं होतं, आणि रडलात की लगेच खरं सांगायचं. ते म्हणाले, ताई कार्यक्रमात आहेत, माझ्याकडे निरोप द्या. मी घाबरले. खोटं बोलायची सवय नाही हो मला, रडूच आलं. बोलले आणि ठेवला. मग पन्नासदा लावला परत, सारखा बिझी. तासाभरानं शेजारची सानिका सांगत आली, नाक्यावर बॅनर लागलाय."

"हा मेला नितेश!" मालन म्हणाली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता परत रडू आलं. पण हे रडणं निराळं होतं. छातीवरची शिळा कुणीतरी उचलून नेल्यासारखं. डोळे वाहत होते आणि तिला ते पुसावेसेही वाटत नव्हते. कमळा जिवंत होती. तिच्या हातांना मांदेलीचे खवले चिकटले होते, गळ्यातली पोत वाकडी झाली होती, ती धडधडीत जिवंत होती.

आणि आता गाडीत कुणी नव्हतं, मागे दुसरी गाडी नव्हती.

"कमळे, ओट्याच्या यादीतनं तुझं नाव समितीनं नाही कापलं," ती म्हणाली. "मी कापलं. माझ्या हातानं. लोक काय बोलतील म्हणून घाबरले."

"म्हायत हाय मला."

"माहीत आहे?"

"पयल्या दिसापासनं. समितीतला भिकाजी सांगून गेला. तू येऊन सांगशील म्हणून थांबले व्हते मी." कमळेनं पुन्हा विळी ओढली. "पाच वर्सं लागली तुला. हितनं तुझा बंगला अर्ध्या कोसावर."

"चुकलं माझं."

"चुकलंच. छपराखाली बसले असते तर कावळा डोक्यावर कुठनं येणार व्हता?" एक मांदेली साफ करून तिनं टोपात टाकली. "आता नुस्ती माफी मागून जाऊ नको. ऊन लागता मला भायेर. ओटा पायजे. आणि माझ्या एकटीचा नको. गेटाभायेर अकरा जणी बसतो आमी, अकराही जणींचा पायजे."

"सोमवारी समिती बोलावते. दुसरी यादी काढते."

"त्यात पयलं नाव माझं टाकायचं. मोठ्यांदा वाचायचं. आणि कोण बोललाच ना, आमदार मैत्रिणीला ओटा देते म्हणून, तर सांग त्याला, बाई मेलीय, बॅनर लागलाय, मेलेल्या बाईची कसली वशिलेबाजी!"

लवू खो खो हसला. हेतलसुद्धा हसली. मालननं फोन चालू केला. सदतीस मिस्ड कॉल. तिनं नितेशला लावला. "ताई, ताई, घोटाळा झालाय, त्या बाई जिवंत आहेत, मी तुम्हाला कधीपासून…" तो तिकडून धाप टाकत होता.

"मी तिच्याच पडवीत बसलेय. बॅनर उतरव आधी. आणि सोमवारी दहा वाजता मासळी बाजाराची समिती. पत्रं आजच काढ."

"सोमवारी चिपळूणला तीन लग्नं आहेत, ताई."

"लागतील ती माझ्याशिवाय."

तिनं फोन ठेवला. हेतलनं ताट वाढलं. भात, मांदेलीचं कालवण, तळलेली एक सुरमई. आमदार होऊन नऊ वर्षांत तिनं हजारो घरी चहा घेतला असेल, पण मांडी घालून पोटभर जेवली नव्हती. आज जेवली. काटे काढत, बोटं चाटत. कमळा समोर बसून वाढत होती आणि मधे मधे टोमणे मारत होती. वजन वाढलंय, केस रंगवतेस काय गो, मुंबईच्या बायका असल्या चपला घालतात काय. मालन नुसती हूं हूं करत होती. असं तिच्याशी बोलणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

हात धुऊन ती पडवीतल्या चटईवर जरा टेकली. पाच मिनिटं, म्हणाली. लवूनं घड्याळ बघितलं, मग बघितलंच नाही असं केलं. बंदराकडून वारा येत होता. कमळेनं एक उशी आणून तिच्या डोक्याखाली सारली आणि अंगावर आपलं जुनं लुगडं टाकलं.

मालनचे डोळे मिटत आले होते. तेवढ्यात गल्लीत पावलं वाजली. नाक्यावर बॅनर बघून आलेली माणसं असावीत. बायकांचा दबका आवाज आला, "अरेरे, कधी झालं गो? काल तर बाजारात बघितली व्हती…" आणि मग एक किंकाळी, कारण दारात खुद्द कमळा उभी राहिली असणार.

"श्श!" कमळा त्यांच्यावर खेकसली. "मेले नाय मी, नंतर सांगते काय झालं ता. आधी आवाज कमी करा. आमदार निजलीय."